‘नॉट अफ्रेड’: माफी मागून परत आलेल्या एमिनेमचं प्रकरण

गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ती जागा येते. तोवर अमेरिकन रॅपर एमिनेम कुणा प्रतिस्पर्ध्याला नेहमीसारखा झोडपत असतो. मग एकाएकी चाहत्यांकडे वळतो आणि म्हणतो, यापुढे तुमची निराशा करणार नाही, मी परत आलोय. पाठोपाठ कबुली देतो की मागचा ‘रीलॅप्स’ अल्बम यथातथाच होता, त्यातल्या उच्चारांच्या त्या विचित्र हेलांचा मी पार चोथा केला, पण घाबरू नका, तिकडे परत जाणार नाही. काही सेकंदांचा मामला. तेवढं बोलून तो पुन्हा झोडपायला लागतो.

‘नॉट अफ्रेड’ 29 एप्रिल 2010 रोजी पहिल्यांदा रेडिओवर वाजलं. ज्या अल्बमबद्दल तो माफी मागत होता, त्याला त्याच वर्षीच्या 31 जानेवारीला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. म्हणजे पुरस्कार घरी येऊन तीन महिने झाले आणि पठ्ठ्या जाहीरपणे सांगतोय की ते काम जमलं नव्हतं. रॅपच्या जगात मीच सर्वांत मोठा हे ओरडून सांगायची रीत आहे. तिथे मागची चूक नव्या गाण्यात, तेही पुनरागमनाच्या गाण्यात, अशी उघड मांडणं फार क्वचित घडतं.

मी हे प्रकरण निवडलं ते या माफीमुळेच. ते गाणं चाहत्यांच्या मनात घट्ट बसलं ते या माफीच्या जोरावर, आणि आज मागे वळून पाहताना त्याच चाहत्यांना सगळ्यात जास्त खुपते तीही ही माफीच. हे असं का झालं ते नीट उलगडून पाहायला हवं.

आधी काय घडलं होतं

मार्शल मॅथर्सचा, म्हणजे एमिनेमचा, जन्म 1972चा. डेट्रॉइट आणि आसपासच्या वस्तीत तो वाढला. ‘एट माइल’ हा रस्ता शहराची आणि उपनगरांची, बऱ्याच अंशी काळ्या आणि गोऱ्या वस्तीची, सीमा मानला जातो. 1999 मध्ये ‘द स्लिम शेडी एलपी’ हा अल्बम आला, 2000 मध्ये ‘द मार्शल मॅथर्स एलपी’, 2002 मध्ये ‘द एमिनेम शो’. ‘लूज युवरसेल्फ’ला 2003 मध्ये ऑस्कर मिळालं, रॅप गाण्याला मिळालेलं ते पहिलं. चारपाच वर्षांत माणूस ज्या उंचीवर गेला, तिथून खाली यायचं तर फार खोलवरच यायचं होतं.

2004च्या ‘एन्कोर’पासूनच कान असलेल्या चाहत्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. काही गाणी आधीच बाहेर फुटली, म्हणून त्यांच्या जागी घाईघाईत दुसरी रचली गेली, आणि ती घाई ऐकू येते. 2005च्या ऑगस्टमध्ये युरोपचा दौरा रद्द झाला. कारण थकव्याचं सांगितलं, आणि मग झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार सुरू असल्याची बातमी आली. 2006च्या जानेवारीत त्यानं पहिल्या बायकोशी दुसऱ्यांदा लग्न केलं. एप्रिलमध्ये घटस्फोटाचा अर्ज गेला आणि त्याच महिन्यात, 11 एप्रिलला, एट माइल रस्त्यावरच्या एका क्लबमध्ये प्रूफ गोळीबारात मारला गेला. प्रूफ म्हणजे डीशॉन होल्टन: लहानपणापासूनचा दोस्त, डी-ट्वेल्व्ह या त्यांच्या रॅप टोळक्याचा कणा, आणि तीनच महिन्यांपूर्वीच्या त्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभा राहिलेला माणूस.

त्यानंतर एमिनेम दिसेनासाच झाला. 2007च्या डिसेंबरमध्ये मेथाडोन या वेदनाशामकाच्या अतिसेवनानं तो कोसळला. आणखी दोन तास उशीर झाला असता तर वाचला नसता असं डॉक्टरांनी सांगितलं, हे पुढे त्यानंच एका माहितीपटात सांगितलं. त्या वर्षीचा नाताळ त्याच्या मुलींनी त्याच्याशिवाय काढला. रुग्णालयातून बाहेर आल्यावर पाय पुन्हा एकदा घसरला. शेवटी 20 एप्रिल 2008 ही त्याची व्यसनमुक्तीची तारीख ठरली. या काळात गायक एल्टन जॉन त्याला नेमानं फोन करून विचारपूस करायचा. ज्या दोघांची नावं एकत्र येतील असं कुणालाही वाटलं नसतं, त्यांच्यातली ही मैत्री मला या अख्ख्या कहाणीतली सगळ्यात हळवी गोष्ट वाटते.

पुनरागमन तीनदा झालं, लक्षात एकच राहिलं

आपण ‘कमबॅक सिंगल’ म्हणतो ते तारखेवरून ठरत असतं, तर तो मान ‘क्रॅक अ बॉटल’ला मिळायला हवा होता. 2009च्या फेब्रुवारीत, त्याला घडवणारा निर्माता डॉ. ड्रे आणि रॅपर फिफ्टी सेंट यांच्यासोबतचं हे गाणं आलं आणि अमेरिकेच्या यादीत 78व्या क्रमांकावरून एका उडीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिल्या आठवड्यात 4 लाख 18 हजार डाउनलोड, तोवरचा विक्रम. पुढे एप्रिलमध्ये ‘वी मेड यू’ आलं: नेहमीसारखी नटनट्यांची टिंगल, रंगीबेरंगी व्हिडिओ. मग मे महिन्यात अख्खा ‘रीलॅप्स’.

म्हणजे माणूस परत आला होता, गाणं पहिल्या नंबरवर गेलं होतं, अल्बम पहिल्याच आठवड्यात सहा लाखांवर खपला होता. तरीही जुन्या चाहत्याला ‘एमिनेमचं कमबॅकचं गाणं कोणतं’ असं विचारा. दहातले नऊ जण ‘नॉट अफ्रेड’चंच नाव घेतील.

माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. 2009 मध्ये स्लिम शेडी, म्हणजे गाण्यांतलं त्याचं माथेफिरू सोंग, परत आलं होतं, मार्शल आला नव्हता. चार वर्षं लोक वाट पाहत होते ती कुठे होतास, काय झालं, आता कसा आहेस हे विचारण्यासाठी. ‘रीलॅप्स’मध्ये याची उत्तरं नव्हती असं नाही. नावच मुळी व्यसन उलटण्याचं. अल्बमच्या मुखपृष्ठावर गोळ्यांनी घडवलेला त्याचा चेहरा. ‘ब्यूटिफुल’ हे गाणं तर त्यानं 2005 मध्ये उपचार केंद्रात असताना लिहायला घेतलं होतं, आणि आजही ते ऐकताना घसा दाटतो. पण बाकीच्या बऱ्याच अल्बमभर खुनी, माथेफिरू, भुताटकी असा मामला, आणि तोही कुठल्या देशातला म्हणावा ते कळू नये अशा हेलात. भेटायला गेलेल्या माणसासमोर यजमानानं मुखवटा घालूनच यावं, तसं लोकांना वाटलं.

त्या हेलांविषयी इथंच थोडं थांबतो, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावरच आहे. हे हेल नुसती नक्कल नव्हती. इंग्रजीत जे दोन शब्द यमकात बसत नाहीत, त्यांचे स्वर वाकवून, ताणून, चेपून तो ते बसवत होता. ‘अ’चा ‘ए’, ‘ए’चा ‘आय’ असं करत एकेका कडव्यात वीस-वीस शब्द एकाच नादाला बांधलेले सापडतात. गोळ्या सुटल्यावर मेंदू पुन्हा चालायला किती वेळ लागला, शब्द कसे पहिल्यापासून जुळवावे लागले, हे त्यानं आणि त्याच्या माणसांनी नंतर बऱ्याचदा सांगितलंय. हे कळल्यावर ‘रीलॅप्स’ वेगळाच ऐकू येतो. चालायला नव्यानं शिकलेला माणूस अंगणात उगाच धावत सुटतो ना, तसा आनंद आहे त्यात.

पण 2009 मध्ये हे कुणाला ठाऊक होतं?

13 ते 29 एप्रिल 2010

‘रीलॅप्स’चा दुसरा भाग येणार हे ठरलेलं होतं. 2009च्या डिसेंबरमध्ये ‘रीलॅप्स: रीफिल’ या नावानं जास्तीची गाणी घालून पहिलाच अल्बम पुन्हा काढला, तेव्हाही दुसऱ्या भागाचं आश्वासन दिलं गेलं. आणि मग 13 एप्रिल 2010ला त्यानं ट्विटरवर एका ओळीत जाहीर केलं की ‘रीलॅप्स’चा दुसरा भाग येणार नाही.

चाहत्यांमध्ये धडकी भरली. पुन्हा घसरला की काय, हा पहिला विचार. थोड्याच वेळात खुलासा झाला: अल्बम येतोय, फक्त नाव ‘रिकव्हरी’ असेल, कारण नव्या निर्मात्यांबरोबर काम करता करता संगीत इतकं बदललं की जुन्या नावाखाली ते खपवण्यात अर्थ उरला नाही.

मला हा निर्णय या प्रकरणातला खरा कळीचा निर्णय वाटतो. गाणं त्याच्यानंतर येतं. तयार असलेला माल बाजूला ठेवणं, जाहीर केलेलं नाव मागे घेणं, आणि ज्याच्या हाताखाली आपण घडलो त्या डॉ. ड्रेच्या सावलीतून बाहेर पडणं. ‘रीलॅप्स’ जवळपास पूर्ण ड्रेचा होता. ‘रिकव्हरी’त ड्रेचं नाव एका गाण्यापुरतं उरलं. ‘नॉट अफ्रेड’ची बीट बनवली ती टोरंटोच्या बॉय-वनडानं, जो तेव्हा ऐन विशीत होता आणि रॅपर ड्रेकच्या गाण्यांमुळे नुकताच नावारूपाला आला होता. सदतीस वर्षांच्या, सगळं जिंकून झालेल्या माणसानं पोराच्या बीटवर उभं राहून पुन्हा परीक्षेला बसायचं, हे सोपं नसतं.

आणखी एक योगायोग चाहत्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. प्रूफ गेला तो एप्रिल. व्यसन सुटलं तो एप्रिल. दुसरा भाग रद्द झाला आणि हे गाणं आलं, तोही एप्रिलच.

गाणं जवळून

सुरुवात ध्रुवपदानं होते, आणि ते तो स्वतः गातो. मागे समूहस्वर. मी घाबरत नाही, या सगळे, माझा हात धरा, हा रस्ता आपण मिळून चालू, वादळ असो की थंडी, तुम्ही एकटे नाही आहात. तोवर एमिनेम म्हणजे श्रोत्याला ढकलून देणारा, डिवचणारा माणूस. तो हात पुढे करतोय हेच ऐकायला विचित्र वाटलं होतं. त्याचा आवाज गायकाचा नाही, थोडा चिरका, नाकातला. माझ्या कानाला तो तसाच हवा. तालमीतला गळा असता तर ध्रुवपद जाहिरातीसारखं झालं असतं.

तिसरं कडवं मला सगळ्यात जास्त आवडतं. व्यसन सोडायचा निर्णय माझा होता, मी ते माझ्यासाठी केलं, असं तो ठासून सांगतो. आणि लगेच सैल पडतो: खरं सांगायचं तर नकळत तुमच्यासाठीही केलं असेल, तुम्ही मला यातून बाहेर काढलंत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. चाहत्याला याहून मोठं काय हवं असतं? आपण पोस्टर लावलं, कॅसेटी झिजवल्या, चार वर्षं बातम्या चाळल्या, त्याचं कुठेतरी मोल झालं, असं समोरचा माणूस म्हणतोय.

पुढच्या ओळींत दोन कोट्या आहेत. इंग्रजीत ‘रेझ’ म्हणजे उचलणंही आणि मुलांना वाढवणंही. मैफल दणाणून सोडण्याला तिकडे ‘छप्पर उचलणं’ म्हणतात. तो शपथ घेतो की हे छप्पर मी माझ्या मुलींसारखंच वागवीन. म्हणजे तेही ‘रेझ’ करीन. त्याच्याच आगेमागे दुसरी: ‘बार’ म्हणजे उंच उडीची आडवी काठी, आणि ‘बार’ म्हणजे दारू विकायची जागा. तो म्हणतो, अंगात आता इतकं बळ आलंय की कोपऱ्यावरच्या गुत्त्यात जाऊन दारूचं अख्खं टेबल उचलीन, कारण मी ‘बार’ वर नेतोय. दोन वर्षांपूर्वीच नशा सोडलेला माणूस गुत्त्यात शिरायची भाषा करतो आणि तिथून पिऊन येण्याऐवजी काउंटरच उचलून आणतो. कोटी वरवर पोरकट, पण व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला गुत्त्याचं दार केवढं जड असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती पोरकट वाटणार नाही.

व्हिडिओ रिच लीनं दिग्दर्शित केला आणि तो 4 जूनला आला. उंच इमारतीच्या कठड्यावर उभा एमिनेम, मग गर्दीचा रस्ता, मग आरशांचं तळघर, जिथे सगळीकडे स्वतःचीच तोंडं आणि बाहेरची वाट सापडत नाही. ते फोडून तो बाहेर येतो. पुढे रस्ता खचून भगदाड पडलेलं. तो कडेवरून स्वतःला झोकून देतो आणि खाली जायच्या ऐवजी वर उडतो. ती उड्डाणाची दृश्यं मला तेव्हाही जास्त वाटली होती, आजही वाटतात. आरशांचा भाग मात्र अजून अंगावर येतो.

लगेच काय झालं

गाणं बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावरच दाखल झालं. त्या यादीच्या इतिहासात असं करणारं ते सोळावं गाणं, आणि रॅपमधलं दुसरंच. पहिलं 1997 मधलं पफ डॅडीचं ‘आय’ल बी मिसिंग यू’, मित्राच्या मृत्यूवरचं. जूनमध्ये ‘रिकव्हरी’ आला आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात 7 लाख 41 हजार प्रती गेल्या. वर्षअखेर तो तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. 2011च्या फेब्रुवारीत गाण्याला आणि अल्बमला एकेक ग्रॅमी मिळालं. 2014च्या जूनमध्ये गाण्याला डायमंड प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे डाउनलोड आणि ऐकणं मिळून एक कोटीचा हिशेब. ‘रिकव्हरी’तलंच ‘लव्ह द वे यू लाय’ आधीच तिथे पोहोचलं होतं, त्यामुळे अशी दोन डिजिटल सिंगल असलेला तो पहिला कलाकार.

आकडे एवढे पुरेत. माझ्या लेखी त्यापेक्षा महत्त्वाचं हे, की ‘रिकव्हरी’त तो माफीवर थांबला नाही. ‘टॉकिन टू मायसेल्फ’ या गाण्यात त्यानं सांगून टाकलं की ‘एन्कोर’ नशेत झाला, ‘रीलॅप्स’ नशा अंगातून धुऊन काढताना झाला, आणि पडत्या काळात लिल वेन आणि कान्ये वेस्ट या रॅपरांना निव्वळ जळफळाटातून डिस करायच्या, म्हणजे गाण्यातून झोडपायच्या, बेतात होतो. लिल वेन याच अल्बमवर पाहुणा आहे. ज्याचा मत्सर वाटला त्याला घरी जेवायला बोलवावं, तसं हे. प्रूफसाठीचं गाणंही याच अल्बमच्या शेवटाकडे आहे.

मागे वळून पाहताना

आता पंधरा वर्षं उलटून गेली. गाणं तेच आहे, ऐकणारे बदलले.

एक गट असा, ज्याला आज ‘नॉट अफ्रेड’ जड जातं. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय, आणि त्यात तथ्य आहे. इथून पुढे एमिनेमच्या आवाजात एक कायमचा आरडाओरडा शिरला. मोठं ध्रुवपद, ढोल, समूहस्वर, मध्ये कडकडीत कडवी, हा साचा ठरून गेला, आणि पुढच्या काही वर्षांत तो इतका वापरला गेला की मूळ गाणंही साच्यातलंच वाटू लागलं. ज्यानं आधी कुजबुजत, हसत, चिडवत, गोष्ट सांगत रॅप केलं होतं, तो आता सतत व्यासपीठावरून बोलतोय असं वाटतं. हे मलाही पटतं. ‘रिकव्हरी’ सलग ऐकायला मला दमछाक होते.

आणि त्याच काळात उलटं घडलं ते ‘रीलॅप्स’च्या बाबतीत. माझा एक जुना मित्र त्या अल्बमचा आता कट्टर झालाय. मागे आमचं यावरून चांगलंच वाजलं.

“अरे, माफी मागायची गरजच काय होती त्याला?” तो म्हणाला. “यमकं बघ त्यातली. एवढं सुटं, एवढं मजेत नंतर कधी लिहिलंय का त्यानं?”

“पण तेव्हा तूही शिव्याच घालत होतास की.”

“घालत होतो ना. आपण घातल्या म्हणूनच तर त्यानं ते सोडलं. तेच तर वाईट वाटतं रे.”

यावर मला बोलता आलं नाही. ही टोचणी मी इतरांकडूनही ऐकली आहे आणि माझ्यातही आहे. दुसऱ्या कडव्यातली ती माफी आली की आता सुटका झाल्यासारखं वाटत नाही, आपण एका माणसाला त्याच्या खेळातून उठवून आणल्यासारखं वाटतं. नशेतून नुकता सुटलेला कलावंत शब्दांशी खेळत होता, आणि आम्ही दाराशी उभे राहून म्हणत होतो, हे नको, आधी होतास तसा हो. त्यानं ऐकलं. चाहत्यांचं ऐकणारा कलावंत हवा असं आपण म्हणतो खरं, पण ऐकल्यावर काय हरवतं ते पंधरा वर्षांनी कळतं. 2020च्या डिसेंबरमध्ये ‘म्युझिक टू बी मर्डर्ड बाय’च्या जोडभागात, ‘साइड बी’त, एका गाण्यात तो जुना हेल पुन्हा डोकावला. त्या मित्राचा रात्री साडेबाराला फोन आला होता.

पण दुसरी बाजू तेवढीच खरी आहे, आणि ती मला एका मैत्रिणीकडून कळली. रॅप तिला फारसं आवडत नाही. तिच्या भावाला दारूपायी दोनदा उपचाराला ठेवावं लागलं होतं. दुसऱ्यांदा घरी आल्यावर तो रोज संध्याकाळी, म्हणजे जी वेळ काढणं त्याला सगळ्यात कठीण जायचं तेव्हा, हेडफोन लावून फिरायला निघायचा आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचा. वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी घरात त्यानं ते मोठ्यानं लावलं. आईला शब्द कळत नव्हते. ती म्हणे नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. “हे गाणं चांगलं की वाईट, ते तू मला विचारूच नकोस,” मैत्रीण म्हणाली.

मी तिला विचारलं नाही. पण स्वतःला विचारलं, आणि उत्तर असं आलं: रचनेच्या कसोटीवर ‘नॉट अफ्रेड’ एमिनेमच्या पहिल्या दहा गाण्यांत मी घालणार नाही. यमकांची वीण सैल आहे, दुसऱ्या कडव्यातलं शड्डू ठोकणं उसनं वाटतं. मात्र त्या ध्रुवपदातला पुढे केलेला हात, आणि तिसऱ्या कडव्यातलं ते ‘माझ्यासाठी केलं... बहुतेक तुमच्यासाठीही’ हे अडखळणं, हे दोन्ही त्यानं आयुष्यातून आणलंय. उपचारातून बाहेर पडणाऱ्याला हेच शिकवतात की सोडायचं ते स्वतःसाठी, दुसऱ्याखातर सोडलेलं टिकत नाही. तो धडा पाठ म्हणून दाखवतो आणि पुढच्याच श्वासात प्रामाणिकपणे कबूल करतो की एवढा तो सरळ हिशेब नव्हता. त्या भावाला रोज संध्याकाळी हेच लागत असणार.

उरलेली माफी

दरवर्षी एप्रिलमध्ये एमिनेम व्यसनमुक्तीच्या नाण्याचा फोटो टाकतो. अशी नाणी व्यसनमुक्तीच्या गटांत वर्षं मोजायला देतात. 2018 मध्ये दहा वर्षांचं होतं, 2024 मध्ये सोळा. फोटोखाली फारसं काही लिहिलेलं नसतं.

2024च्या जुलैमध्ये ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’ आला. नावाप्रमाणे त्यात तो जुन्या सोंगाशी झुंजतो, त्याच्याकडून शिव्या खातो, त्याला संपवतो. पण अल्बमचं शेवटचं गाणं ‘समबडी सेव्ह मी’ हे आहे, गायक जेली रोलसोबतचं. त्यात एमिनेमनं एक वेगळीच कल्पना केलीय: 2007 मध्ये आपण वाचलोच नाही, व्यसन सुटलंच नाही असं धरून तो मुलींची माफी मागतो. हजर राहू न शकलेले समारंभ, न पाहिलेलं लग्न, धाकट्यांचं कधी न पाहिलेलं मोठं होणं. व्हिडिओत घरातली जुनी चित्रफीत आहे, पोरी लहान असतानाची, आणि तो ती पाहतोय.

हे ऐकल्यावर मी ‘नॉट अफ्रेड’ पुन्हा लावलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की 2010 मध्ये त्यानं माफी मागितली ती आमची. एका अल्बमची, काही हेलांची. मुलींच्या वाट्याला त्या गाण्यात आलं ते वचन आणि छपरावरची ती कोटी. या नव्या गाण्यातली माफी त्यांच्यापर्यंत पोहोचायला चौदा वर्षं लागली, आणि तीसुद्धा स्वतःला मेलेला समजूनच त्याला म्हणता आली.

माझ्या त्या मित्राला हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “थांब, तिसरं कडवं लावतो.” आणि त्यानं फोन चालू ठेवूनच ते लावलं.